थायरॉइड आणि खान्देशातले आपण: कुठे दाखवायचं, काय विचारायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमळनेरची. १४ वर्षं थायरॉइडची गोळी घेते आहे. आधी नात्यातल्या, मग शेजारच्या, पुढे ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायकांसोबत दवाखान्यात जात गेले. आता चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत आणि शिरपूर-शहाद्याकडूनही फोन येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे लिहून ठेवले आहेत. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारून, फायली घेऊन फिरून आणि काही गोष्टी अंगावर काढून जे कळलं ते सांगते. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील.

१. "थायरॉइड झाला" म्हणजे नेमकं काय झालं?

थायरॉइड हे गळ्यातल्या ग्रंथीचं नाव आहे आणि ती प्रत्येकाला असते. कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची. तिचं काम मंदावलं की हायपोथायरॉइड, वाजवीपेक्षा जास्त झालं की हायपरथायरॉइड, आणि तिच्यात गाठ आली तर ती तिसरीच गोष्ट. "मला थायरॉइड आहे" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, कमी की जास्त? कारण दोन्हींची औषधं उलटी आहेत. शेजारणीची गोळी "घेऊन तर बघू" म्हणून घेऊ नका. खालची बरीच उत्तरं कमी थायरॉइडची आहेत. जास्तीसाठी प्रश्न १३ आणि गाठीसाठी प्रश्न १४ पाहा.

२. मला सारखा थकवा येतो, वजन वाढलंय. थायरॉइडच असेल का?

असेलही, नसेलही. थकवा, वजन, गळणारे केस, कोरडी कातडी, पोट साफ न होणं, पाळी जास्त जाणं, थंडी सहन न होणं, मन उदास राहणं, ही सगळी लक्षणं रक्त कमी असल्यावर किंवा झोप नीट नसल्यावरही दिसतात. म्हणून लक्षणांवरून गोळी सुरू करायची नसते, रक्त तपासून करायची असते. आणि उलटही तितकंच खरं. माझी दोन वर्षं शक्तीच्या सलाइनमध्ये आणि लोहाच्या इंजेक्शनांत गेली. "घरचं टेन्शन घेऊ नका" असं ऐकून परत यायचे. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड कमी पडला की रक्तात याचा आकडा वाढतो) तपासा असं तोवर कोणीच म्हणालं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. तुम्ही विचारा.

३. आधी कोणाकडे जायचं? जळगाव, नाशिक गाठावं लागेल का?

साध्या कमी थायरॉइडसाठी बहुधा नाही. तालुक्याच्या गावातले एमडी मेडिसिन डॉक्टर हा आजार रोज पाहतात. पुष्कळांना त्यांच्याकडेच आयुष्यभर व्यवस्थित उपचार मिळतात. ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिललाही दाखवता येतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मेडिसिनच्या ओपीडीत जा. घरातून हलता येत नसेल तर सरकारची ई-संजीवनी ही फोनवरून सल्ला देणारी मोफत सेवा आहे. रिपोर्ट वाचून घ्यायला ती चांगली, पण गळा फोनवर तपासता येत नाही.

हार्मोनचे तज्ज्ञ म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. त्यांच्या पाटीवर डीएम किंवा डीआरएनबी एंडोक्रायनॉलॉजी असं लिहिलेलं असतं. त्यांच्याकडे जावंच असे प्रसंग मोजके आहेत: थायरॉइड जास्त आहे, डोस वाढवूनही टीएसएच जागेवर येत नाही, दिवस राहिलेत आणि आकडा बिघडलाय, लहान मूल आहे, सोबत हृदयाचा आजार आहे, किंवा गाठ संशयास्पद आहे. असे तज्ज्ञ नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत अशा मोठ्या शहरांत जास्त आहेत. नंदुरबार-नवापूरकडच्यांना रेल्वेने सुरतच सोयीचं पडतं, आणि त्यात काही चूक नाही. एकदा तिथे दाखवून उपचाराची दिशा लिहून घ्यायची आणि पुढची देखरेख गावातल्या डॉक्टरांकडे ठेवायची, हे मला सगळ्यात परवडणारं वाटतं.

"थायरॉइड स्पेशालिस्ट" एवढंच पाटीवर लिहिलं असेल तर खाली पदवी काय आहे ते वाचा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असायला हवा.

४. डॉक्टर चांगला आहे हे आपल्यासारख्यांना कसं ओळखू येणार?

मला ते एका पेलाभर पाण्यावरून कळलं. तालुक्यातलाच दवाखाना, बाहेर बाकावर तीस माणसं. डॉक्टरांनी मला खिडकीकडे तोंड करून बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाले, घोट घ्या, पण मी सांगेन तेव्हाच गिळा. मी गिळलं तेव्हा ते गळ्याकडे बघत होते. मग मागे उभं राहून दोन्ही हातांच्या बोटांनी गळा चाचपला आणि पुन्हा गिळायला लावलं. थायरॉइडची सूज किंवा गाठ गिळताना वर सरकते, म्हणून ही रीत. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्याआधीच्या दोन वर्षांत माझ्या गळ्याला कोणाचा हात लागला नव्हता.

तेव्हापासून मी काही गोष्टी बघते. डॉक्टर गळा तपासतात का. दुसरी कोणती औषधं चालू आहेत, दिवस राहण्याचा विचार आहे का, घरात कोणाला थायरॉइड आहे का, हे विचारतात का. जुना रिपोर्ट नव्याशेजारी ठेवून बघतात का. पुढची तपासणी कधी, ते चिठ्ठीवर लिहितात का. आणि तुम्ही प्रश्न विचारला तर चिडत तर नाहीत ना. मोठी इमारत आणि महागडी फी यांचा या यादीशी काही संबंध नाही.

सावध व्हायचं ते इथे: "तीन महिन्यांत मुळापासून बरा करतो" अशी हमी, पंधरा दिवसांत दोनदा बदललेला डोस, रिपोर्ट न बघता चालू केलेली गोळी, प्रत्येक भेटीला तीच मोठी तपासण्यांची यादी.

५. कोणती तपासणी करायची? उपाशीपोटी का?

सुरुवातीला टीएसएच आणि सोबत फ्री टी-४, म्हणजे ग्रंथीने तयार केलेलं हार्मोन. गोळी चालू झाली की बहुतेक वेळा एकटा टीएसएच पुरतो. अँटी-टीपीओ ही अँटिबॉडीची तपासणी एकदा केली की साधारणपणे पुन्हा करावी लागत नाही. गाठ किंवा सूज नसेल तर नुसत्या कमी थायरॉइडसाठी सोनोग्राफीचीही गरज नसते. हे पैसे वाचवा.

उपाशीपोटी असलंच पाहिजे असं नाही, पण टीएसएच दिवसभरात कमी-जास्त होतो. म्हणून दर वेळी सकाळी, साधारण एकाच वेळेला आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्या. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगून दोन दिवस आधी थांबवा, त्यांच्यामुळे रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. ब्युटी पार्लरमधून घेतलेल्या गोळ्यांवरही बायोटिन लिहिलेलं मी पाहिलंय.

६. टीएसएच ६ आलाय. गोळी सुरू करायची का?

बहुतेक लॅब साधारण ०.४ ते ४ किंवा ५ पर्यंतचा आकडा ठीक मानतात. आकडा त्याच्या थोडा वर, पण फ्री टी-४ व्यवस्थित असेल, तर डॉक्टर बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. मोठ्या तापातून उठल्यावरही काही दिवस आकडा वर जातो. १० च्या वर राहिला तर सहसा गोळी देतात. ५ ते १० च्या मधल्यांचा निर्णय लक्षणं, वय, अँटिबॉडी आणि मूल होण्याचा विचार बघून होतो. दिवस राहिले असतील तर मात्र वाट बघत बसू नका (प्रश्न ११). सत्तरीच्या पुढे आकडा थोडा वर असणं वयाला धरूनच असतं. एका आजींना ६.५ वर गोळी सुरू झाली, डोसही जास्त होता. महिन्याभरात छातीत धडधड आणि रात्रीची झोप गेली. म्हाताऱ्या माणसांना आणि हृदयरोग्यांना गोळी द्यावी लागली तरी १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून हळूहळू वाढवतात.

७. "ताई, गोयी कव्हय लेवानी? चहा पेवाना आधी का नंतर?" (गोळी कधी घ्यायची? चहा प्यायच्या आधी की नंतर?)

आधी. पहाटे उठल्यावर साध्या पाण्यासोबत, आणि मग निदान अर्धा तास, जमल्यास तासभर चहा नाही. आपल्याकडे डोळे उघडले की चहा लागतो, आणि गोळी लागू न पडण्याचं हे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण आहे. मी गोळी घेऊन अंगण झाडते, पाणी भरते, तोवर वेळ होतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या मात्र चार तासांच्या अंतराने. बाळंतिणींना या तिन्ही गोळ्या एकाच पुडीत बांधून दिलेल्या असतात, त्या वेगळ्या करा. ॲसिडिटीची गोळी रोजची असेल तर तीही डॉक्टरांना सांगा.

सकाळी जमतच नसेल, पहाटे पाच वाजता शेतात जावं लागत असेल, तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घेतली तरी चालते. रोजे असतील तर झोपताना, किंवा सहेरीच्या अर्धा-एक तास आधी. निर्जळी उपवासालाही तोच उपाय. एखादा दिवस चुकली तर घाबरू नका, हे औषध शरीरात बरेच दिवस टिकतं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा तपासायचं, त्याआधीचा आकडा खरं चित्र दाखवत नाही.

८. गोळी वेळेवर घेते, तरी मे-जूनमध्ये टीएसएच वाढतो. असं का?

माझंही झालं होतं. एका जूनमध्ये माझा टीएसएच २.८ वरून ९ वर गेला. डॉक्टर डोस वाढवायला निघाले, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बाटली कुठे ठेवता?" शंभर गोळ्यांची बाटली, पत्र्याच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या फळीवर. फळी पत्र्यापासून हातभर खाली, आणि दुपारी तिला हात लावला तर चटका बसायचा. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ऊन ४५ अंशांच्या पुढे जातं. गोळीतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, उष्णता, ओल आणि उजेड तिन्हींनी कमजोर होतं. त्यांनी डोस तोच ठेवला, बाटली तेवढी नवीन घ्यायला लावली. आठ आठवड्यांनी आकडा जागेवर.

आता बाटली आतल्या खोलीत, लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते. माठाजवळ नको, तिथे ओल असते. किती अंशांखाली ठेवायची ते लेबलवर लिहिलेलं असतं, वाचा. गोळ्या बाटलीतून काढून कागदाच्या पुडीत ठेवू नका. उन्हाळ्यात एका वेळी चार-सहा महिन्यांचा साठा करू नका.

९. कंपनी बदलली तर चालेल का? जनऔषधीची गोळी तितकीच चांगली असते का?

औषध तेच, लेव्होथायरॉक्सिन. जनऔषधी केंद्रातही मिळतं आणि स्वस्त पडतं. पण या औषधात थोडासा फरकही आकड्यात दिसतो, म्हणून एक कंपनी धरली की तीच ठेवा. बदलावीच लागली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या. मेडिकलवाल्याने "हे पण तेच आहे" म्हणून दिलं तर कंपनीचं नाव वहीत लिहून ठेवा. मायक्रोग्रॅमचा आकडा दर वेळी स्वतः वाचा. १२.५ आणि १२५ मध्ये एका टिंबाचा फरक आहे, आणि तो दहापट आहे.

१०. गोळी कायमची का? काढा, कोथिंबिरीचं पाणी, मीठ बदलणं, यांनी जात नाही का?

ग्रंथी स्वतःच्याच शरीराच्या माऱ्याने खराब झाली असेल (हाशिमोटो, आपल्याकडे हे कारण फार आढळतं) किंवा शस्त्रक्रियेत काढली असेल, तर गोळी सहसा कायमची. तिची सवय लागत नाही. जे हार्मोन शरीरात तयार व्हायचं, तेच ती बाहेरून देते. बाळंतपणानंतर उद्भवलेला किंवा सुजेमुळे आलेला काही जणींचा थायरॉइड मात्र वर्षभरात सुटतो, म्हणून "गोळी थांबवून बघता येईल का" हे डॉक्टरांना जरूर विचारा. स्वतःहून थांबवू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच.

कोथिंबिरीचं पाणी प्या, त्याने नुकसान नाही, पण गोळीच्या जागी नको. ज्या पुड्यांवर घटक लिहिलेले नाहीत, त्या घेऊ नका.

मिठाबद्दल थोडं सविस्तर सांगते. सातपुड्याच्या पाड्यांवर म्हाताऱ्या बायांच्या गळ्याला मोठाले गलगंड मी स्वतः पाहिलेत. आयोडीन कमी मिळाल्याने ते व्हायचे. त्यासाठी १९६२ मध्ये देशभराचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि आयोडीनयुक्त मीठ हा त्याचा मुख्य उपाय. हे मीठ प्रत्येक घरात हवंच. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदर बाईला साधारण २५०. मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा. आठवडे बाजारातलं सुटं खडे मीठ आणि हल्लीचं गुलाबी सैंधव यांच्यात पुरेसं आयोडीन असेलच असं नाही. पण आयोडीन पुरेसं मिळत असताना हाशिमोटो झाला असेल तर जास्त मीठ किंवा आयोडीनचे थेंब घेऊन तो जात नाही, उलट बिघडू शकतो. कोबी-फुलकोबी शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खा. भरीत-भाकरीवर कसलीही बंदी नाही.

११. दिवस राहिलेत आणि थायरॉइड आहे. बाळाला धोका आहे का?

आकडा ताब्यात ठेवला तर बहुतेक बाळंतपणं नीट पार पडतात. दुर्लक्ष केलं तर गर्भपात, वेळेआधी प्रसूती आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम, हे धोके खरे आहेत. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. म्हणून पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. गोळी घेणाऱ्या बहुतेकींना डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. निम्मे दिवस होईपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, मग तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा. "दिवस राहिले तर लगेच काय करू?" हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. बाळंतपणानंतर डोस बहुधा पूर्वीवर येतो, आणि अंगावर पाजताना ही गोळी सुरक्षित आहे.

बाळाचीही तपासणी करा. जन्मतः थायरॉइड कमी असलेली बाळं आपल्या देशात हजारात साधारण एक असतात, आणि दिसायला ती अगदी चांगली दिसतात. दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेचं रक्त घेऊन हे कळतं, आणि दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाला तर मूल इतरांसारखंच वाढतं. सगळीकडे ही तपासणी आपोआप होत नाही. घरी सोडण्याआधी आपणहून विचारा.

१२. मुलीचं लग्न ठरतंय. थायरॉइड आहे हे सांगायचं का लपवायचं?

हा प्रश्न आया हळू आवाजात विचारतात. माझं उत्तर स्पष्ट आहे: सांगा. लपवलं तर मुलगी सासरी गोळी घेत नाही. नव्या घरात पहाटे उठून बाटली काढायची कशी, कोणी बघितलं तर? एका मुलीने आठ महिने गोळी बंद ठेवली होती. माहेरी आली तेव्हा चेहरा सुजलेला, आवाज जाडसर झालेला आणि टीएसएच ७० च्या पुढे. नीट गोळी घेणारी मुलगी संसार, नोकरी, मूल सगळं करते. मुलाकडच्यांना सोबत डॉक्टरांकडे न्यायची तयारी ठेवा. एवढं ऐकूनही ते नाही म्हणाले, तर ते लग्नाआधी कळलेलं बरं.

१३. माझा थायरॉइड जास्त आहे. काय वेगळं करायचं?

वजन उतरणं, धडधड, हात थरथरणं, घाम, उकाडा सहन न होणं. आपल्याकडे "उन्हामुळे होतंय" म्हणून हे मागे पडतं. इथे हार्मोनतज्ज्ञांना एकदा तरी दाखवाच, कारण ग्रेव्हज (शरीराच्याच माऱ्याने ग्रंथी जास्त काम करू लागते तो आजार) आणि ग्रंथीची तात्पुरती सूज यांचे उपचार वेगळे आहेत. सूज बऱ्याचदा आपोआप उतरते. ग्रेव्हजला सहसा कार्बिमाझोल साधारण १२ ते १८ महिने देतात. तेवढ्याने न भागलं तर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया. किरणोत्सारी आयोडीन गरोदरपणात आणि अंगावर पाजताना देत नाहीत, आणि घेतल्यावर निदान सहा महिने दिवस राहू देऊ नयेत.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कार्बिमाझोल चालू असताना ताप आला आणि घसा दुखायला लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी फार उतरतात आणि जिवावर बेततं. डोळे बाहेर आल्यासारखे वाटत असतील तर बिडी-सिगारेट आजच बंद.

१४. गळ्यात गाठ आहे. कॅन्सर असेल का? मुंबईलाच जायचं का?

थायरॉइडच्या बहुसंख्य गाठी साध्या असतात. आधी टीएसएच आणि गळ्याची सोनोग्राफी, आणि सोनोग्राफीत गरज दिसली तर सुईने तपासणी, म्हणजे एफएनएसी. हे तिन्ही जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. गाठ झपाट्याने वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळायला किंवा श्वासाला अडत असेल, तर वेळ काढू नका.

शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनला सरळ विचारा, वर्षाला थायरॉइडच्या किती शस्त्रक्रिया करता? आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी तिथेच असतात, त्यामुळे सरावाच्या हाताचा फरक पडतो. या प्रश्नावर चिडणाऱ्याकडे मी माझं माणूस सोपवणार नाही. नंतर तोंडाभोवती, बोटांना मुंग्या आल्या तर ते कॅल्शियम उतरल्याचं लक्षण, लगेच कळवा. कॅन्सर निघालाच तर परळचं टाटा रुग्णालय आहे, आणि त्याच आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉइडवर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार करतं. थायरॉइडचा नेहमी आढळणारा पॅपिलरी कॅन्सर वेळेत उपचार झाले तर बहुतेकांत बरा होतो.

१५. सरकारी योजनेत बसतं का?

रोजची गोळी आणि ओपीडीतल्या तपासण्या सहसा नाही. शस्त्रक्रियेसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. भरती व्हायच्या आधी रेशन कार्ड, आधार आणि एफएनएसीचा रिपोर्ट घेऊन त्यांना भेटा. आधी पैसे भरून नंतर योजनेत बसवायला गेलेल्यांची फार ओढाताण झालेली मी पाहिली आहे.

१६. आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो. मधे गोळी आणि तपासणीचं काय?

निघायच्या महिनाभर आधी टीएसएच करून डोस पक्का करून घ्या. दोन महिन्यांच्या गोळ्या सोबत, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव व मायक्रोग्रॅम ठळक लिहून घ्या, म्हणजे बारडोलीकडच्या मेडिकलमध्येही तीच गोळी मिळेल. चिठ्ठी आणि शेवटच्या दोन रिपोर्टांचे फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा, कागद कोपीत (तळावरच्या झोपडीत) भिजतो. बाटली कपड्यांच्या गाठोड्यात मधोमध ठेवा, बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर उन्हात नको. मुकादमाला आधीच सांगा की होळीच्या आसपास एका सकाळी रक्त द्यायला तालुक्याला जायचंय. आणि तिकडे दिवस राहिले तर परत यायची वाट न बघता जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, फोनमधली चिठ्ठी दाखवा.